टीममधलं माणूस खचत चाललंय, तेव्हा सुपरवायझर आणि एचआरने काय करायचं

रजेच्या अर्जावर कारण लिहिलेलं असतं ‘पोट बिघडलं’, ‘अंगात कणकण’, ‘गावी काम’. ‘रात्रभर झोप नाही, सकाळी अंथरुणातून उठवतच नाही’ असं कुणी लिहीत नाही, कारण ते वाचून साहेब काय म्हणतील याचा अंदाज असतो. हा अंदाज खोटा ठरवणं, हे या कामाचं पहिलं उद्दिष्ट.

पुढचं सगळं ५० ते ३०० माणसांच्या कंपनीसाठी लिहिलं आहे. चाकणचा मशीन शॉप असो, हिंजवडीचं ऑफिस असो, नाशिकच्या अंबडमधलं पॅकिंग युनिट असो. अशा ठिकाणी एचआरला बहुतेकदा एक-दोन माणसं, कंपनीचा डॉक्टर आठवड्यातून एकदा आणि बजेट हात राखून. तरीही बरंच करता येतं, कारण सगळ्यात जास्त उपयोगी पडणाऱ्या तीन गोष्टींना फारसा खर्च नाही: कामाची मांडणी, सुपरवायझरचं बोलणं आणि कळलेली गोष्ट पोटात ठेवणं. मेडिटेशनचं ॲप, व्याख्यानं, योगासनांचं सत्र हे सगळं त्यानंतर. आधी ते केलं आणि पाळ्यांचा गोंधळ तसाच ठेवला, तर माणसं आणखी चिडतात आणि त्यांचं चिडणं रास्त असतं.

आधी हजेरी उघडा

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. कामामुळेच येणारा ताण कमी करणं आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण देणं यांवर त्यांत भर आहे. मराठीत सांगायचं तर, नळ वाहता ठेवून फरशी पुसत बसू नका.

सुरुवात अशी करा. गेल्या तीन महिन्यांचा पंचिंगचा डेटा काढा आणि माणसागणिक आठवड्याचे तास मांडा. ज्यांचे तास कुठल्याही चार आठवड्यांत ५५ च्या वर गेलेत, त्यांची नावं बाजूला काढा. ५५ हा आकडा हवेतला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. त्याच यादीत आणखी दोन गोष्टी बघा: सहा महिन्यांत एकही सलग तीन दिवसांची रजा न घेतलेली माणसं, आणि सोमवारचे खाडे अचानक वाढलेली माणसं.

पाळ्या लावताना दोन नियम पाळा. पाळी पुढे सरकली पाहिजे: पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. शरीराचं घड्याळ पुढे ढकलणं सोपं जातं, मागे ओढणं जड जातं, म्हणून तिसरीवरून दुसरी असा उलटा क्रम लावला की झोपेची वाट लागते. दुसरा नियम, दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तास सोडा. रात्री ११ ला दुसरी पाळी संपवून सकाळी ७ ला पहिलीला बोलावलं, तर कागदावर आठ तास दिसतात. त्यातून बसचे दोन तास, जेवण, आंघोळ वजा करा. झोपेला पाच तासही उरत नाहीत. चार दिवस असं चाललं की पाचव्या दिवशी चिडचीड, चुका आणि मशीनवर बोट सापडणं हे ओघानेच येतं.

ऑफिसमध्ये पाळीची जागा व्हॉट्सॲप ग्रुप घेतो. ‘रात्री मेसेज टाकू नका’ एवढा नियम टिकत नाही, कारण तातडीचं काम खरंच येतं. टिकणारा नियम असा: रात्री आठनंतर तातडीचं असेल तर फोन करायचा, ग्रुपवर आलेलं सगळं सकाळसाठी. यामुळे माणसाला ग्रुपवर लक्ष ठेवत बसावं लागत नाही. फोन वाजला नाही म्हणजे काही नाही, एवढी खात्री मिळते आणि खरा आराम त्या खात्रीतून मिळतो. ऑनकॉलचं रोस्टर चार माणसांपेक्षा कमी जणांवर लावू नका. दोघांत वाटलं तर प्रत्येकाचा एकाआड एक आठवडा जागरणात जातो. रात्री कॉल घेतलेल्याने दुसऱ्या दिवशी उशिरा यावं, हे परवानगीशिवाय आपोआप लागू ठेवा. परवानगी मागायची असेल तर कुणी मागत नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. त्रासाचं मूळ वरिष्ठाच्या अपमानास्पद बोलण्यात असेल, तर समुपदेशन हा त्यावरचा उपाय नाही. ती तक्रार आहे, तिची तक्रार म्हणूनच चौकशी व्हायला हवी. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती लागते, आणि दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती असणं बंधनकारक आहे.

काय दिसलं की थांबून बघायचं

निदान करणं सुपरवायझरचं काम नाही. त्याचं काम बदल टिपणं. दोन आठवडे टिकलेला बदल लक्षात घ्या. एखादा वाईट दिवस सगळ्यांनाच येतो.

आपल्याकडे मनाचा त्रास बऱ्याचदा शरीरातून बोलतो. डोकं जड, ॲसिडिटी, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल. कामात तो साध्या चुकांतून दिसतो: पाच वर्षं बिनचूक स्टॉक लावणारा माणूस एकाच आठवड्यात तीनदा आकडे उलटे लिहितो. डबा सगळ्यांबरोबर खाणारी बाई जागेवरच बसून खाते, किंवा डबा तसाच परत नेते. पुरुषांमध्ये उदासी कित्येकदा रागाच्या रूपात येते, त्यामुळे ‘हल्ली अंगावर येतो’ अशा तक्रारीमागेही बघा. सकाळच्या पाळीला दारूचा वास येऊ लागला तर शिस्तभंगाची नोटीस आणि उपचार या दोन्ही वाटा एकदम चालू ठेवा. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतं आहे, आणि नोकरी टिकण्याची आशा हे बऱ्याच जणांना उपचाराला नेणारं मोठं कारण असतं.

काही कंपन्या उत्साहाने सगळ्यांना नैराश्याच्या चाचणीचे गुगल फॉर्म पाठवतात. हे करू नका. पीएचक्यू-९ या नेहमीच्या प्रश्नावलीत नववा प्रश्न जीव संपवण्याच्या विचारांबद्दल आहे. कुणी तिथे ‘जवळजवळ रोज’ वर खूण केली आणि ती शीट एचआरने बारा दिवसांनी उघडली तर? शिवाय ही वैद्यकीय माहिती आहे, ती तज्ज्ञाकडेच राहायला हवी.

वीस मिनिटांचं बोलणं

सगळा डोलारा या वीस मिनिटांवर उभा आहे, म्हणून इथे घाई नको.

जागा: काचेची केबिन नको, बाहेरून सगळे बघतात. कँटीन नको. छोटी मीटिंग रूम, स्टोअरचं टेबल किंवा गेटपर्यंत एक फेरी चालेल. शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे पुरुषांना बोलणं सोपं जातं.

वेळ: मंगळवार किंवा बुधवार, सकाळी अकराच्या सुमारास. शुक्रवारी संध्याकाळी हा विषय काढू नका. माणूस मोकळा झाला आणि पुढचे दोन दिवस एकटा पडला, तर मदत करायला कुणी नसतं. अपरेझलच्या मीटिंगला तर मुळीच जोडू नका.

सुरुवात दिसलेल्या गोष्टींपासून करा, मनाबद्दलच्या तर्कापासून नको. शॉपवर: “गेल्या तीन आठवड्यांत तुमचे चार खाडे झाले आणि दोनदा सेटिंग चुकलं. तुमच्याकडून असं होत नाही. म्हणून विचारतोय, सगळं ठीक आहे ना?” ऑफिसात: “तू हल्ली मीटिंगमध्ये बोलतच नाहीस, आणि तुझ्या मेल रात्री दोनला येतात. काय चाललंय?” एवढं बोलून थांबा. मनात दहापर्यंत मोजा. ती शांतता जड वाटते, आपल्याला काहीतरी बोलून ती भरावीशी वाटते, आणि तिथेच संधी जाते. बऱ्याचदा माणूस तेवढ्यात तोंड उघडतो.

उत्तर “काही नाही सर, सगळं ठीक आहे” असं आलं तर खोदू नका. “बरं. मी पुढच्या मंगळवारी परत विचारीन. मध्येच वाटलं तर फोन करा,” एवढं म्हणा, आणि मंगळवारी खरोखर विचारा. बोलणं बहुधा दुसऱ्या खेपेला उघडतं, कारण पहिल्या खेपेला माणूस आपल्याला जोखत असतो.

काही वाक्यं चांगल्या हेतूने येतात आणि दार बंद करतात. “टेन्शन घेऊ नकोस.” “हे सगळ्यांनाच असतं.” “आमच्या वेळी तर...” “लग्न कर, सगळं सुरळीत होईल.” “दोन दिवस गावी जाऊन ये.” या सगळ्यांतून ऐकणाऱ्याला एकच कळतं, की माझा त्रास यांना त्रास वाटत नाही. त्याऐवजी: “हे ऐकून मला कळतंय की तुम्ही बरंच सोसताय. आत्ता कामातलं काय कमी झालं तर थोडं सुसह्य होईल?”

गुप्ततेचं वचन आंधळेपणाने देऊ नका. आधीच सांगा: “हे माझ्याजवळच राहील. फक्त तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला मदतीला आणखी एकाला बोलवावं लागेल, आणि ते मी तुम्हाला सांगूनच करीन.”

उठण्याआधी तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत: या आठवड्यात कामात होणारा एक नेमका बदल, मदतीचा एक नंबर किंवा पत्ता, आणि पुढच्या भेटीची तारीख. नोंद ठेवायची ती कामाची. ‘१४ तारखेला बोललो, दोन आठवडे तिसरी पाळी नाही, २१ ला पुन्हा भेट’ इतकीच. आजाराचं नाव, घरातली भांडणं, औषधं यांतलं काहीही वहीत किंवा मेलमध्ये नको.

जिवाचा प्रश्न आला तर

“आता काही अर्थ राहिला नाही”, “माझ्याशिवाय सगळ्यांचं बरं चालेल” अशी वाक्यं आली, कुणी अचानक आवडती वस्तू वाटू लागलं, कर्जाचे कागद आवरून ठेवू लागलं, तर थेट विचारा: “जीव संपवण्याचे विचार मनात येतात का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याचं हायसं वाटतं.

उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा प्रश्न: कसं, केव्हा, काही ठरवलंय का? ठरलेलं असेल किंवा साधन हाताशी असेल, तर माणसाला एक मिनिटही एकटं सोडू नका, स्वच्छतागृहातही सोबत जा. त्याच्याच संमतीने घरच्या एका माणसाला फोन करा. संमती मिळत नसेल आणि धोका समोर दिसत असेल, तर तरीही करा. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात स्वतः घेऊन जा किंवा ११२ ला फोन करा. केमिकल स्टोअर, पेस्ट कंट्रोलचं सामान, गच्चीची किल्ली यांचा ताबा त्याच वेळी दुसऱ्याकडे द्या. पोलिसांच्या भीतीने हे दडपू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर खटला चालत नाही.

कुणाकडे पाठवायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात आणि औषधाशिवाय, बोलण्यातून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर मागायला संकोच करू नका. समुपदेशक ताण, नात्यांतले प्रश्न, निर्णय यांत मदत करतात. झोप-भूक पार बिघडली असेल, भास होत असतील किंवा जिवाचे विचार असतील, तर पहिली भेट डॉक्टरची.

फुकट आणि लगेच मिळणारी सोय म्हणजे टेलि-मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारने ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून या क्षेत्रात आहे.

१४४१६ चं पोस्टर नोटीस बोर्डावर लावलं तर तिथे उभं राहून नंबर टिपायला कुणी धजत नाही. ते स्वच्छतागृहाच्या दाराला आतल्या बाजूने लावा. कडी लावल्यावर माणूस एकटा असतो, नंबर मोबाइलमध्ये घेता येतो.

बाहेरच्या समुपदेशन संस्थेशी करार करत असाल तर त्यात या अटी घाला: प्रत्येकाला वर्षाला किमान सहा भेटी, पहिली भेट तीन दिवसांत, मराठी बोलणारे समुपदेशक, नोंदणी कंपनीच्या मेलऐवजी स्वतःच्या मोबाइलवरून, आणि कंपनीला फक्त एकूण आकडा, नावं नाहीत. एखाद्या विभागात दहापेक्षा कमी माणसं असतील तर त्याचा वेगळा आकडाही नको, तो लगेच ओळखता येतो.

ग्रुप मेडिक्लेमच्या नूतनीकरणाआधी दलालाला लेखी विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम २१ सांगतं की मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा मिळायला हवा. तरी बारकावे असतात: मानसिक आजारासाठी वेगळी कमी मर्यादा लावली आहे का? क्लेम मिळण्याआधी थांबण्याचा काळ आहे का? ओपीडीतल्या भेटी धरल्या आहेत का? बहुतेक उपचार ओपीडीतच होतात आणि पॉलिसी मात्र दाखल झाल्यावरच पैसे देते. ही फट कंपनीने भरायला हवी. वर्षाला सहा भेटींचे पैसे बिलावर तज्ज्ञाचं नाव न दाखवता परत मिळण्याची सोय केली तरी मोठा फरक पडतो.

रजेवरून परत येताना

इथे सगळ्यात जास्त पडझड होते. माणूस महिन्याने परत येतो, पहिल्याच दिवशी चारशे मेल आणि साचलेलं टार्गेट समोर असतं, आणि पंधरा दिवसांत तो परत रजेवर जातो. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीला काहींना झापड येते, हे लक्षात ठेवून चढण हळू ठेवा. एक नमुना: पहिला आठवडा रोज चार तास, दुसरा सहा तास, तिसऱ्यात पूर्ण वेळ पण रात्रपाळी आणि ओव्हरटाइम नाही, चौथ्यात नेहमीचं काम, टार्गेट मात्र निम्मं. दर सोमवारी पंधरा मिनिटं बसून पुढचा आठवडा ठरवा. पगार कमी होणार असेल तर तो आकडा आधीच सांगा. स्लिप हातात आल्यावर कळलं तर विश्वास गेला.

डॉक्टरांच्या दाखल्यावर आजाराचं नाव मागू नका. चार ओळी मागा: कामाला योग्य आहेत का, किती तास, कोणतं काम टाळायचं, पुन्हा तपासणी केव्हा. प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट, उंचीवरचं काम यांच्याबद्दल हे विशेष महत्त्वाचं, कारण झापड आणणारं औषध चालू असताना ते जीवघेणं ठरू शकतं. बायपोलर आजारात (मन कधी अती उत्साही, कधी खोल उदास होतं तो) जागरणाने आजार उसळू शकतो, त्यामुळे डॉक्टरांनी रात्रपाळी कायमची बंद करायला सांगितली तर ती ‘सवलत’ समजू नका. अपंग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचाही समावेश आहे आणि प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण ठेवावं लागतं. असे बदल त्या धोरणात लिहून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी साहेबांच्या मर्जीवर बेतणार नाही.

टीमला काय सांगायचं ते परतण्याआधी त्या माणसालाच विचारा आणि तेच शब्द वापरा. “तब्येत बरी नव्हती, आता परत आलेत, महिनाभर कमी वेळ असतील” एवढं पुरतं. काम वाटून घेणाऱ्यांच्या डोक्यावरचा भारही बघा; नाहीतर एकाला सावरताना दुसरा वाकतो आणि राग आजारी माणसावर निघतो.

सुपरवायझर बदलला की एक चूक हमखास होते: जुना साहेब हँडओव्हरमध्ये नव्याच्या कानावर घालतो, “याला जरा सांभाळून, मध्ये त्याचं डोक्याचं झालं होतं.” असं करायचं नाही. जाण्याआधी त्या माणसाला बोलवा, “नव्या साहेबांना काय सांगू, काय नको?” असं विचारा आणि चालू असलेले कामातले बदल एका कागदावर लिहा. तो कागद त्याला वाचून दाखवा, मग द्या. त्याने ‘काहीच सांगू नका’ म्हटलं तर फक्त पाळीचा आणि तासांचा बदल कळवा, कारण लिहू नका.